आजारपणाच्या रजेत नोकरीवरून काढले तर?

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आटोपत आला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात कारकून असलेले एक गृहस्थ पत्नीसह आले. वय बेचाळीस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) छातीवर दडपण, पोटात जळजळ, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तक्रारी. रक्तदाब थोडा वाढलेला होता, ईसीजी मात्र चांगला. गृहस्थ मान खाली घालून बसले होते. बोलल्या त्या वहिनीच. "डाक्टरसाहेब, रातले अकरा वाजताबी यास्ले फोन येस. जेवण नई, झोप नई. कालदिन तर पोरंस्ना देखता रडनात."

विचारपूस केल्यावर कळले की विभागातले दोघे जण नोकरी सोडून गेले होते आणि त्यांच्या जागा भरलेल्या नव्हत्या. तिघांचे काम एकट्याच्या अंगावर आले होते. चूक झाली की चार माणसांदेखत बोलणी बसत. सहा महिने हे असेच चालले होते. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी 'नैराश्य' असे निदान केले, औषधे सुरू केली आणि महिनाभर विश्रांती सांगितली.

चार दिवसांनी गृहस्थ परत आले. हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी कंपनीत दिली तर मला वेडा ठरवतील. तुम्हीच काहीतरी साधं लिहून द्या." मला दया आली. त्यांना पित्ताचा त्रास होताच. मी प्रमाणपत्रावर 'पोटाचा विकार व अशक्तपणा' असे लिहिले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. ही माझी चूक होती. तिचे काय झाले ते पुढे सांगतो.

अठराव्या दिवशी वहिनी एक रजिस्टर पत्र घेऊन धावत आल्या. 'आपण विनापरवानगी गैरहजर आहात. आपण स्वेच्छेने नोकरी सोडली असे समजून आपले नाव हजेरीपटावरून कमी केले आहे,' असा मजकूर होता. त्याआधी दोन पत्रे येऊन गेली होती, पण घरच्यांनी घाबरून ती घेतलीच नव्हती. पोस्टमनला 'घरी नाहीत' सांगून परत पाठवले होते.

अशी पत्रे आपल्या जिल्ह्यात अनेकांच्या घरी येतात. म्हणून आज औषधापेक्षा या पत्राविषयी बोलू. मी वकील नाही, पण अशा रोग्यांमुळे आणि वकील मित्रांमुळे मला जे शिकावे लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

कामाचा ताण हा आजार आहे का?

'ताण कोणाला नाही?' असे मालकही म्हणतात आणि घरचे वडीलधारेही. खरे आहे. थोडा ताण कामाला लावतो. पण काम खूप आणि ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार काहीच नाही, अशी स्थिती महिनोन्महिने राहिली की शरीर बिघडते. इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून प्रसिद्ध आहे. ज्यांच्या हाती कामावरचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो रजेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. कामाने आलेला 'थकवा' ही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेली आहे, रोग म्हणून नाही. त्यामुळे प्रमाणपत्रावर नुसते 'कामाचा ताण' लिहिले तर ते टिकत नाही. त्या ताणातून जे उत्पन्न झाले, नैराश्य, चिंतेचा विकार, रक्तदाब, त्याचे निदान लागते. तसेच, कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मानसिक ताण नाही. म्हणजे यंत्रात बोट सापडले तर जशी अपघाताची भरपाई मिळते, तशी नैराश्याबद्दल मिळत नाही. ताणामुळे कामावर हृदयविकाराचा झटका आला असे म्हणायचे, तरी काम आणि झटका यांचा संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. मग रोग्याच्या हाती राहते काय? आजारपणाची रजा, आजारपणाचा भत्ता, आणि नोकरीचे संरक्षण.

चिठ्ठी म्हणजे रजा नव्हे

आपल्याकडे दोन गैरसमज सारखेच घट्ट आहेत. एक, 'डॉक्टरची चिठ्ठी दिली की रजा मंजूरच झाली.' दुसरा, 'आजारी माणसाला कामावरून काढताच येत नाही.' दोन्ही चूक.

डॉक्टरचे प्रमाणपत्र हा पुरावा आहे. रजा मंजूर करणारा मालक किंवा अधिकारी. शंका आली तर तो दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या असेही सांगू शकतो. म्हणून प्रमाणपत्राबरोबर रजेचा अर्ज हवाच, आणि तो वेळेत हवा.

याचे जुने उदाहरण मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलचे आहे. तिथला एक कामगार रजा संपल्यावर हजर झाला नाही आणि आजारपणाचे प्रमाणपत्र त्याने नंतर आणून दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६३ साली न्यायालयाने म्हटले की गिरणीच्या स्थायी आदेशांप्रमाणे त्याची नोकरी आपोआप संपली होती, ती शिक्षा नव्हती, त्यामुळे ईएसआय कायद्याचे संरक्षण त्याला मिळत नाही. उशिरा दिलेल्या कागदाची किंमत त्याने नोकरीने मोजली.

तीस वर्षांनी वारा फिरला. १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला म्हणून चौकशी न करता, त्याचे म्हणणे न ऐकता कामगाराचे नाव कमी करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. त्या कामगाराला निम्म्या मागील पगारासह परत कामावर घ्यायला लावले. पुढे २०१२ साली एका सरकारी नोकराच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटले की आजारपणासारख्या नाइलाजाने झालेली गैरहजेरी ही जाणूनबुजून केलेली गैरवर्तणूक ठरत नाही.

तात्पर्य, 'तुम्ही आपणहून नोकरी सोडली' असे एकतर्फी पत्र हा शेवटचा शब्द नव्हे. मात्र आपण आजारी होतो आणि ते वेळेत कळवले होते, हे दाखवणारे कागद आपल्यापाशी हवेत.

ईएसआयचा आधार

या गृहस्थांच्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला ईएसआयची कपात होत होती. त्यांना वाटे, तो कुठलासा कर आहे! महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांसाठी ही विमा योजना आहे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. ठरलेल्या सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. ३४ दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे. त्या आजारांत, दोन वर्षे सलग नोकरी व पुरेशी वर्गणी असल्यास, ८० टक्के दराने आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. तीव्र मानसिक आजारांचा या यादीत समावेश आहे. पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते पैसे सहज मिळत नाहीत.

ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात ७३ वे कलम होते. आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात काढता, उतरवता किंवा शिक्षा करता येणार नाही, आणि त्या काळात दिलेली नोकरी संपवण्याची नोटीस अवैध ठरेल, असे ते कलम सांगे. नुसते उपचार चालू असलेल्यांनाही संरक्षण होते, पण त्याला मुदत होती. सलग सहा महिने उपचार झाल्यावर, आणि काही दीर्घ आजारांत त्याहूनही जास्त काळानंतर, रीतसर नोटीस देऊन काढण्याची मुभा मालकाला होती. आमचे गृहस्थ २०२३ सालचे, म्हणून त्यांच्या उत्तरात हेच कलम घातले गेले.

आता हे लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. जुन्या अर्जाची नक्कल करून जुन्या कलमांचे आकडे उतरवू नका. वकील किंवा युनियनकडून आजचे कलम विचारून घ्या. याच वेळी लागू झालेल्या वेतन संहितेतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कामावरून काढले किंवा राजीनामा दिला, तर थकलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते.

सरकारी नोकर, एसटी, शिक्षक

राज्य सरकारी नोकराला १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे दर पूर्ण वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. शिल्लक नसेल तर असाधारण रजेचा अर्ज करता येतो. आणि राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे रीतसर चौकशीवाचून त्याला बडतर्फ करता येत नाही.

आजार लांबून अपंगत्व आले तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मानसिक आजारही त्याच्या यादीत आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचे नाही, झेपेल अशा दुसऱ्या जागेवर त्याच वेतनश्रेणीत घ्यायचे, आणि तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे, असे त्याचे २० वे कलम सांगते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात याच कायद्याचा आधार घेतला. मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसावर त्या आजारातून घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालवणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असे सांगून ती कारवाई रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणाच्या एसटीतल्या रंगांधळेपणामुळे घरी बसवलेल्या एका चालकाला दुसरे काम द्या, असाही निकाल आला. आपल्याकडच्या चालक-वाहकांनी हे कानाआड करू नये.

खाजगी शाळांतल्या शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. कामावरून काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे लागते. इथे एकेक दिवस मोलाचा.

खाजगी कारखान्यातल्या कामगाराला १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली 'अनुचित कामगार प्रथा' म्हणून तक्रार करता येते. त्या कायद्यात मुदत ९० दिवसांची ठेवलेली आहे. सूडबुद्धीने, खोटे कारण दाखवून किंवा म्हणणे न ऐकता काढणे हे सारे त्यात येते.

खरे बोलायचे तर काहींच्या वाट्याला फार थोडे संरक्षण आहे. दुकानात तोंडी बोलीवर काम करणारा, ठेकेदारामार्फत आलेला, किंवा मोठ्या पगाराचा मॅनेजर, यांना हे सारे जसेच्या तसे लागू होत नाही. त्यांनी तर नेमणुकीचा कागद, पगाराची नोंद, ठेकेदाराचे नाव आणि येणारे मेसेज अधिकच जपून ठेवावेत.

पत्र आले तर काय करावे?

१. रजिस्टर पत्र नाकारू नका. नाकारलेले पत्रही मिळाले असेच बहुधा धरले जाते. पत्र घ्या, तारीख लिहा, लिफाफा जपून ठेवा.

२. लगेच लेखी उत्तर द्या. 'मी अमुक तारखेपासून आजारी आहे, उपचार चालू आहेत, नोकरी सोडलेली नाही, बरे वाटताच हजर होणार आहे,' एवढे चार ओळींत पुरे. सोबत प्रमाणपत्राची प्रत. उत्तर रजिस्टर डाकेने पाठवा किंवा देऊन पोच घ्या.

३. मन ठिकाणावर नसताना राजीनाम्यावर सही करू नका. 'सही करा, हिशेब लगेच देतो' असे सांगितले जाते. काढून टाकलेल्याला दाद मागता येते. स्वतः राजीनामा दिलेल्याची वाट फार अवघड होते.

४. डॉक्टरकडून कागद मागून घ्या. आपल्या उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधाच्या चिठ्ठ्या, दुकानाच्या पावत्या, तपासण्या, सारे तारीखवार लावा.

५. मागच्या तारखेचे प्रमाणपत्र मागू नका. डॉक्टर देत असेल तरी घेऊ नका.

६. चौकशीची नोटीस आली तर हजर व्हा. तब्येत परवानगी देत नसेल तर लेखी मुदत मागा.

७. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि मानसिक रुग्ण यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

लपवणूक महागात पडते

आता माझ्या चुकीकडे येतो. गृहस्थांनी उत्तर दिले, ईएसआयच्या दवाखान्यात गेले, कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. बैठकीत मालकाच्या माणसाने माझे प्रमाणपत्र टेबलावर ठेवले आणि विचारले, "पोट दुखणारा माणूस भाच्याच्या लग्नात पंगतीत बसतो कसा?" कोणीतरी पाहिले होते. नैराश्याच्या रोग्याने चार माणसांत जावे असे आम्हीच सांगतो. त्यामुळे खरे निदान लिहिलेले असते तर लग्नाला जाणे हा उपचाराचा भाग ठरला असता. माझ्या अर्धवट कागदाने मात्र तो माणूस खोटा ठरू लागला. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांची मूळ कागदपत्रे पुढे ठेवावी लागली आणि मलाही घडले ते लेखी सांगावे लागले. मान खाली गेली, पण सांगितले.

त्यांनी गुप्ततेसाठी मला गळ घातली होती. पण गुप्तता राखण्याचा सरळ मार्ग होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला आपल्या आजाराबाबत गुप्ततेचा हक्क दिला आहे. मालकाला द्यायच्या कागदावर 'माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक ते अमुक तारखेपर्यंत काम करण्यास असमर्थ' एवढे लिहिता आले असते, आणि पूर्ण निदान ईएसआयच्या डॉक्टरांना किंवा न्यायालयाने मागितल्यास तिथे देता आले असते. न सांगणे वेगळे आणि दुसरेच सांगणे वेगळे. तेव्हापासून मी दुसरेच काही लिहीत नाही, मग समोरच्याने कितीही हात जोडले तरी.

तिसऱ्या बैठकीत समेट झाला. गृहस्थांना स्टोअर विभागात घेतले. रात्रीचे फोन बंद झाले. मधल्या अडीच महिन्यांचा पगार काही मिळाला नाही, भत्ताही थोडाच मिळाला. हा विजय म्हणता येणार नाही. पण नोकरीतला खंड टळला, म्हणजे ग्रॅच्युइटीची वर्षे वाचली, आणि घरातली चूल चालू राहिली.

एक शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. नोव्हेंबर २०२० मध्ये जळगावच्या एका तरुण एसटी वाहकाने पगार वेळेवर मिळत नसल्याचे लिहून ठेवून जीवन संपवले. ती बातमी आपण सर्वांनी वाचली. अशा मृत्यूला एकच कारण कधी नसते, पण कामाचा आणि पैशाचा घोर हे मोठे कारण असते. नोकरी गेल्याचे पत्र आले की माणसाला वाटते, सारे संपले. त्या आठवड्यात त्याला एकटे सोडू नका. 'आता जगून काय उपयोग' असे शब्द तोंडून निघाले, तो आवराआवर करू लागला, कोणाशी बोलेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. घरातली कीटकनाशके आणि जादा गोळ्या कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

परवा ते गृहस्थ रक्तदाब दाखवायला आले होते. वहिनी हसून म्हणाल्या, "आते झोप लागस, डाक्टरसाहेब." औषध अजून चालू आहे. पुढच्या महिन्यात मानसोपचारतज्ज्ञ ते कमी करणार आहेत. आपल्या मनाने बंद करू नका, एवढे मी त्यांना पुन्हा एकदा बजावले.